दिवा दिसला तरच बटण

परीक्षेत कॉपी करणारं पोर मला पाठमोरं असलं तरी कळतं. झरीच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर तेवढं तर यायलाच हवं. मान किती वाकली, श्वास कुठं अडकला, एवढ्यावर मी चोर धरते. तीच मी मागच्या उन्हाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर, परभणीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कॉपी करताना सापडले. पकडलं कोणी, तर यंत्रानं.

गेले होते चष्म्याचा नंबर तपासायला. शाळेला सुट्टी लागली होती, घरात काम निघायच्या आत हे उरकून टाकावं म्हटलं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, निळा दिवा जवळ आणला, एकदा बघितलं. मग पुन्हा बघितलं. डोळ्यांतला दाब वाढलाय म्हणाले, आणि विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का.

मी म्हणाले, नाही.

होता. माझ्या वडिलांना होता. पेडगावात आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की यांचे डोळे गेले. पण ते एका दिवसात गेले नाहीत. शेतशेजारी जसा दरवर्षी धुरा, म्हणजे मधला बांध, थोडा थोडा कोरत आत येतो आणि मालकाला पेरणीच्या वेळी कळतं की नांगराची दोन तासं गायब आहेत, तशी त्यांची नजर कडेकडेनं गेली. आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "दिसायलंय की."

विहाराच्या कोपऱ्यावर विजेचा खांब होता. बाबा रोज सकाळी त्याला हात वर करून जय भीम घालायचे. आम्ही भावंडं ओट्यावर हसून लोळायचो. खांब बिचारा उत्तर कसलं देणार. बाबा घरात येऊन आईला सांगायचे, माणसं लय माजलीत आजकाल, बोलत न्हाईत. त्या खांबाची नक्कल मी इतक्या लग्नकार्यांत केली आहे, की आमच्या पाहुण्यांत खांबाला माणसाचा मान आहे. पण त्या गोष्टीचा शेवट मी कधी सांगत नाही. एका दुपारी बिनकठड्याच्या विहिरीपाशी बाबांचा एक पाय जमिनीवर होता आणि दुसरा हवेत. आईनं मागून सदरा धरला. त्या दिवसापासून घरात खांबावर कोणी हसलं नाही.

तर डॉक्टरांना मी नाही म्हणाले, आणि त्यांनी मला तपासणीला आत पाठवलं.

खोली अंधारी. एका अर्ध्या गोलासारख्या पांढऱ्या भांड्यापुढं हनुवटी टेकवायची. एका डोळ्यावर पट्टी. समोर पिवळा ठिपका, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्राजवळची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सोपं आहे काकू, दिवा दिसला तरच बटण.

पहिले काही दिवे दिसले. मी दणादण दाबले. मग काहीच दिसेना. अंधार, पिवळा ठिपका, आणि काहीच नाही. यंत्र आतल्या आत कुरकुरत होतं, म्हणजे चालू होतं. म्हणजे दिवे लागत होते आणि मला दिसत नव्हते. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला तो थेट कमरेपर्यंत. मला ती विहीर दिसली. मी बटण दाबलं. काही दिसलं नव्हतं, तरी दाबलं. कुरकुर, की दाब. कुरकुर, की दाब. मी लेझीम शिकवणारी बाई. ताल सापडला की मला कोण अडवणार. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तर मी इतकी रंगात आले, की बाहेर पडताना मला वाटलं, पैकीच्या पैकी.

मुलगी कागदाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "काकू, दिवा लागला नव्हता तरी तुम्ही बटण दाबायलात."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाले, या तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही. तोवर रोज झोपण्याआधी एक एक थेंब टाका, काही आठवड्यांनी परत या, आणि शांत मनानं या. शांत मन! जणू ते मोंढ्यात किलोवर मिळतं.

घरी येऊन मी थेंबांची बाटली मेथीदाण्याच्या डब्यात खुपसली. नवऱ्याला सांगितलं, नंबर तेवढाच आहे. मग दिवसभर घरात फिरताना मी एक डोळा झाकून भिंती मोजत होते. इकडची भिंत आहे ना, तिकडची आहे ना. कोणी आलं की डोळ्यात कचरा गेलाय म्हणायचं.

अशात आक्का आल्या. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहतात सेलूला, पण दर उन्हाळ्यात कुरडया घालायला आमच्याकडे येतात, कारण त्यांच्या मते आमची गच्ची त्यांच्या गच्चीपेक्षा जास्त तापते. आक्कांनी बरीच ध्यानाची शिबिरं केली आहेत. त्यामुळे त्या कमी बोलतात, आणि जे बोलतात ते टोचतं. वैशाख लागला की पौर्णिमेपर्यंत त्यांची एक साधना चालते, आणि त्या ज्यांच्या घरी असतील त्यांचीही चालते, त्यांना हवी असो वा नसो.

साधना म्हणाल तर अगदी साधी. उन्हाळ्यात माणूस दारं-खिडक्या लावून बसतो. मग आतली दारं उघडायला दुसरा वेळ कोणता, असं आक्कांचं म्हणणं. डोळा, कान, नाक, जीभ आणि कातडी ही पाच दारं, आणि आत बसलेलं मन हे सहावं. एका वेळी एकच दार उघडं ठेवायचं. त्यातून जे आलं तेवढंच म्हणायचं. नाही आलं तर नाही म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही.

पदरचं घालायचं नाही, हे मला सांगणं म्हणजे सुगरणीला तिखट-मीठ बंद करण्यासारखं. मी बाजारातून कोथिंबीर आणली तरी तिची गोष्ट होते. पण मी लगेच हो म्हणाले, आणि आक्कांना संशय आला. आजवर मी त्यांच्या साधनेच्या वेळी नेमकी किराणा आणायला जात आले होते. त्यांनी मला वरून खालून बघितलं आणि विचारलं, बरी आहेस ना. मी म्हणाले, वय झालं आक्का, आता थोडं धर्माकडे बघावं.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मी हिशेब केला होता, की एक दार बंद व्हायचंच असेल तर बाकीच्या चारांची तालीम आत्ताच करून ठेवावी. बाबांनी ती केली नव्हती. मला हवेतला पाय नको होता.

त्यामुळे मी पहिल्याच सकाळी डोळ्यांना स्कूटीवरचा स्कार्फ बांधून बसले. आक्का म्हणाल्या, याची गरज नाही. मी म्हणाले, राहू द्या, मला भक्ती जास्त आहे.

कुरडयांचा गहू भिजत घातला होता. दोन-तीन दिवस पाण्यात राहिलेल्या गव्हाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको; ज्यांना नाही, त्यांनी आपल्या आयुष्यात एक वास कमी म्हणून आनंद मानावा. आक्कांनी पातेलं माझ्या नाकाखाली धरलं. काय आलं, विचारलं. मी सुरू झाले, की आमच्या पेडगावच्या घरात न्हाणीशेजारी असंच पातेलं असायचं आणि एकदा त्यात मांजर... आक्का म्हणाल्या, मांजर नाकात आलं का. मी म्हणाले, नाही. मग काय आलं? आंबट. अजून? थोडं गोडसर, मागून. बास, म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन गेल्या. मांजराची गोष्ट माझ्या घशात राहिली ती अजून तिथंच आहे.

जिभेच्या वेळी मात्र मी हरवूनच गेले. गव्हाचा चीक शिजून चकचकीत झाला होता. सोऱ्यात भरायच्या आधी त्यातला गोळा वाटीत घ्यायचा आणि वर तेल घालून खायचा, ही आमच्याकडची रीत. मी आपल्या पट्टीत, अंधारात, तोंड उघडून बसले होते. चीक जिभेवर पडला. गरम. गुळगुळीत. मग मीठ. मग ती आंबटाची बारीक कड. गिळताना मला एकदम जाणवलं, की वाटीभर चीक संपेपर्यंत मी भ्यालेच नव्हते. विहीर नव्हती, खांब नव्हता, बटण नव्हतं. हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी भीती परत आली, जाताना चप्पल विसरलेल्या पाहुण्यासारखी. पण ती गेली होती, एवढं नक्की. मी दुसरी वाटी मागितली. आक्का म्हणाल्या, साधना संपली, आता तो हावरटपणा.

कानाच्या दुपारी मोठा प्रकार घडला.

परभणीची मे महिन्यातली दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. नवरा कचेरीत. आक्का आतल्या खोलीत फरशीवर ओला टॉवेल अंथरून पडलेल्या. मी पुढच्या खोलीत पट्टी बांधून कान उघडे ठेवून बसले. कूलरची घरघर, पाण्याचं टपटप, लांब कुठंतरी ऑटोचा हॉर्न. छान चाललं होतं. आणि लाइट गेली.

कूलर थांबल्यावर घर असं गप्प झालं, की मला माझ्या गळ्यातली नाडी ऐकू आली. मग आवाज आला. खस. जरा वेळानं पुन्हा, खस-खस. डोक्यावरून कुठूनतरी.

माझ्या सहाव्या दारातून एका दमात सगळे आत शिरले. चोर. मग धामण. मग धामण नाही, नाग. मग वाटलं, हाच तो दिवस. पट्टी काढली तरी अंधारच असेल. हे शेवटचं मनात आलं तसे माझे हात गार पडले. उन्हाळ्यात, परभणीत, हात गार. पट्टीच्या गाठीकडे हात जाईना. पट्टी आहे तोवर अंधार पट्टीचा होता. काढली आणि तरीही अंधार राहिला, तर तो कोणाचा? मी मांडीवर हात दाबून बसले आणि आक्कांचं सांगणं धरलं. आवाज. फक्त आवाज. खस, म्हणजे खस. धप, म्हणजे धप. मधेच कटकट आवाज आला, तोही मी घेतला. कटकट म्हणजे कटकट. किती वेळ गेला कोण जाणे, पण मी तो सगळा वेळ बसून काढला. स्वतःवर खूश होऊन पट्टी सोडली. उजेड होता. इतका उजेड, की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आक्का, कुरडया बघायला कधी वर गेल्या होत्या कोण जाणे, जिन्यावरून खाली आल्या. त्यांच्या हातात रिकामी चादर होती.

सकाळभर खपून घातलेल्या कुरडया वानरांनी खाल्ल्या होत्या. अर्ध्या खाल्ल्या, बाकीच्या पायदळी तुडवल्या, आणि एक जण म्हणे सोऱ्या हातात घेऊन टाकीवर बसला होता. आक्कांनी विचारलं, तुला काही ऐकू आलं नाही का. मी म्हणाले, सगळं ऐकू आलं. तुम्हीच म्हणालात, आवाज म्हणजे फक्त आवाज.

आक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आवाज आला तेवढंच म्हणायचं, हे खरं. पण उठायचं कुणी?"

त्यांना हसू आवरेना. मलाही आवरेना, पण मी हसता हसता रडायला लागले, आणि ते त्यांनी बघितलं. कुरडयांसाठी कोणी असं रडत नाही.

दुसऱ्या दिवशी गहू पुन्हा भिजत घातला आणि आक्का मला सकाळी गच्चीवर घेऊन गेल्या. ऊन अजून कोवळं होतं, फरशी तळव्यांना नुसती कोमट. डोळ्यांचं दार आज, म्हणाल्या. हे दार मी टाळत आले होते. त्यांनी माझा डावा डोळा माझ्याच तळहातानं झाकायला सांगितला आणि समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघ म्हणाल्या. शेंडा सोडायचा नाही. त्या माझ्या बाजूला सरकल्या.

"काय दिसायलं?"

मी सांगितलं. पानं. एक कावळा. पलीकडं टाकी. पदरचं काही घातलं नाही.

"आणि माझा हात?"

मला हात दिसत नव्हता. कुठं आहे तेही कळत नव्हतं. तो अंधाऱ्या खोलीतला घाम भर सकाळी पाठीवर आला. आणि मी तेच केलं जे मला येतं.

"दिसायलाय की," मी म्हणाले. "हलवायलात."

मी शेंडा सोडून वळले. आक्कांचे दोन्ही हात पाठीमागं बांधलेले होते.

मी कठड्याला पाठ लावून खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. दवाखाना, बटण, मेथीचा डबा, खांब. विहीरही सांगितली, जी मी कोणाला सांगत नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असेल, जी मी नक्कल न करता सांगितली. मला वाटलं, आता आक्का धीर देतील. काही होत नाही, म्हणतील.

"तुझ्या बाबांना दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या, "ते त्यांच्या डोळ्यांनी केलं. पण न्हाई दिसत असं कुणाला सांगितलं न्हाई, ते कुणी केलं?"

मला राग आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का. पण राग तळव्यांखालच्या कोमट फरशीपर्यंत पोचता पोचता विरला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. भीतीनं केलं. मीही तेच करत होते. बाबा खांबाला जय भीम घालत होते आणि मी यंत्राला.

उतरताना आक्कांनी विचारलं, संध्याकाळी भावाला तू सांगणार का मी. मी म्हणाले, मी.

नवरा माझा अबोल आहे. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलेलं. त्यानं सगळं ऐकलं, उठला, मेथीच्या डब्यातून बाटली काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, हे तुझं व्हय, मला वाटलं आक्काचं असंल, म्हणून विचारलं नाही. मग त्यानं बाटली पुन्हा उचलली आणि तिच्यावरची अक्षरं वाचायला लागला, उलटी धरून. तो भ्यायलाय हे बघून मला कसंतरी झालं, आणि एकटी नसल्याचं बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं, मी दोन्ही घेतलं.

वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर झाली, आणि त्यानंतर आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारण्याआधीच मी सांगितलं, वडिलांना होता. ते लिहीत होते, त्यांनी मान वर केली, आणि पुन्हा लिहायला लागले.

तीच खोली. तीच मुलगी. हनुवटीखालचं टेकण गार लागलं. स्पिरिटचा वास आला, आणि मुलीनं केसांत माळलेल्या मोगऱ्याचा. यंत्र कुरकुरायला लागलं. पिवळा ठिपका. दिवा दिसला, दाबलं. दिसला, दाबलं. मग काहीच नाही.

तुम्हाला सांगते, मी शूर वगैरे झाले नव्हते. भीती तशीच आली, तितकीच, पाठीवरच्या त्याच ओघळासकट. अंगठा बटणावर वळवळत होता. कुरकुर झाली. दिसलं नाही. पुन्हा कुरकुर झाली. दिसलं नाही. प्रत्येक वेळी आतून कोणीतरी हात जोडत होतं, की एकदा दाब, एकदाच, कोणाला कळतंय. मी मनात म्हणत होते, नाही. आलं नाही. गार टेकण आहे, मोगरा आहे, भीती आहे. दिवा नाही. अंगठा तसाच ठेवला. इतकं अवघड काम मी आजवर दुसरं केलेलं नाही. मग फार वेळानं, खाली एका कडेला, एक दिवा लुकलुकला. बारीक होता, पण होता. मी दाबलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा डाग, आमच्या शेताच्या नकाशात पाण्याखाली गेलेला तुकडा दाखवतात तसा. डावा अजून चांगला. गेलेलं परत येत नाही, ते म्हणाले, पण थेंब कधी चुकवले नाहीत आणि तपासण्या टाळल्या नाहीत, तर उरलेलं राखता येतं. आधीच्या कागदावरून मला हे सांगता आलं नसतं, असंही डॉक्टर म्हणाले. त्यात तुम्हाला सगळीकडे दिसत होतं.

आक्का सेलूला परत गेल्या, दुसऱ्या खेपेच्या कुरडयांचा मोठा वाटा घेऊन. गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, पुढच्या वर्षी वानरांना सांगून ठेव, मी येणार आहे.

मी अजून घाबरते. शाळेतून येताना एसटीत उजवीकडे कोणी बसलं की डोकं वळवून बघते. विहिरी तर मला आता पेडगावापासून परभणीपर्यंत सगळ्या पाठ आहेत.

रोज झोपण्याआधी मी खुर्चीत मान मागं टाकून बसते आणि नवरा बाटली धरतो, कारण माझ्या हातानं थेंब गालावर पडतो. थेंब आधी गार लागतो, मग झोंबतो. आणि एक गंमत मला कोणी सांगितली नव्हती: जरा वेळानं तो घशात उतरतो. डोळ्यात टाकलेलं औषध जिभेला कडू लागतं. सगळी दारं आतून एकमेकांत उघडतात, हे आक्कांना माहीत असणार. मला ते असं कळलं.

परवा बाटली वर धरून तो थांबला. एरवी काही विचारत नाही, त्या दिवशी विचारलं.

"भ्या वाटायलंय का?"

पूर्वीची मी असते तर खांबाची नक्कल केली असती. मी बघितलं, काय आलंय ते.

"हो," मी म्हणाले.

त्यानं थेंब टाकला.